फिकट पडलेली बाटली

एका प्रयोगशाळेतला प्रसंग कानावर आला. प्रसंग म्हणावा इतकाही मोठा नाही, पण डोक्यातून जाईना. खिडकीशेजारच्या टेबलावर काचेची एक बाटली होती. आत हळद कालवलेल्या पाण्यासारखं पिवळं द्रावण, बूच घट्ट, वर नाव आणि तारीख नीट लिहिलेली. दुपारचं ऊन सरकत सरकत टेबलावर आलं. थोड्या वेळाने कोणाचं तरी लक्ष गेलं, तर पिवळेपणा जवळजवळ उडालेला, लिंबाच्या सरबतात असते तेवढीच झाक उरलेली. ‘खराब झालं’ म्हणून ते टाकाऊ द्रावणांच्या डब्यात ओतलं गेलं, बाटली धुऊन पालथी घातली गेली. यात दोष तरी कोणाला द्यायचा? रंगीत कपडा उन्हात विटतो, पडदे खिडकीच्या बाजूने फिके पडतात, औषधं तपकिरी बाटलीत येतात. ऊन लागलं आणि रंग गेला म्हणजे वस्तू गेली, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पण त्या बाटलीत बिघडलेलं काहीच नव्हतं. तिने आपलं काम केलं होतं. ती तशीच उचलून खणात ठेवली असती, तर पाच मिनिटांत पुन्हा पिवळी झाली असती.

तेवढी पाच मिनिटं कोणी थांबलं नाही.

हळदीचं नाव उगाच घेतलं नाही. मराठी घरात आम्ल-आम्लारीचा पहिला धडा हळदच देते, लिटमसचा कागद फार पुढे येतो. पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा डाग पडतो, त्यावर साबण घासला की डाग रक्तासारखा लाल होतो आणि घासणारा दचकतो. साबणाच्या आम्लारीने कर्क्युमिनच्या फिनॉलचा प्रोटॉन काढून घेतलेला असतो. पाण्याने खळबळून काढलं की डाग परत पिवळा. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीतही याच रसायनावर उभी आहे. दुसरा धडा दोरीवर मिळतो: साबणाला न बधलेला पिवळा डाग दोन दिवसांच्या कडक उन्हात निघून जातो. कर्क्युमिन साधारण ४२५ नॅनोमीटरचा, म्हणजे निळ्या-जांभळ्या टोकाचा उजेड शोषतं आणि त्या उजेडानेच हळूहळू मोडतं. म्हणजे एकाच डागात आम्लताही आहे आणि उजेडही. फक्त दोघांची एकमेकांशी ओळख नाही. साबण उलटवता येतो, ऊन उलटवता येत नाही.

बाटलीतल्या रेणूने ही ओळख करून दिली. योगायोग असा, की तोही ४२५ च्या आसपासचाच उजेड सर्वांत जास्त शोषतो, म्हणून दिसतोही हळदीसारखा. त्याचं कुळ मेरोसायनिनचं. एका टोकाला इंडोलियम नावाचा धनभारित भाग, दुसऱ्या टोकाला फिनॉल, म्हणजे बेंझिनच्या कड्यावरचा ऑक्सिजन-हायड्रोजन, आणि मधे दोघांना ताणून धरणारा दुहेरी बंध. इंडोलियमच्या नायट्रोजनला सल्फोनेटची एक छोटी शेपटी असते. ती ऋणभारित असल्याने रेणू पाण्यात जेमतेम का होईना, विरघळतो. निळा उजेड पडला की दुहेरी बंध पिळवटतो, ताणलेला रेणू दुमडतो आणि फिनॉलचा ऑक्सिजन इंडोलियमच्या कार्बनपाशी येतो. दोघे जोडले जातात, कडं मिटतं. ऑक्सिजनवर बसलेल्या हायड्रोजनला आता जागाच उरत नाही. तो प्रोटॉन होऊन पाण्यात पडतो. मिटलेल्या रूपाला स्पायरोपायरन म्हणतात. त्यात रेणूचे दोन अर्धे एकमेकांशी काटकोनात असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनांची सलग वाट तुटते आणि दिसणारा उजेड शोषणं थांबतं. द्रावण फिकट होतं ते असं. उजेड काढला की कडं आपोआप उघडतं, ऑक्सिजन आपला प्रोटॉन पाण्यातून परत उचलतो, पिवळा रंग येतो. स्पायरोपायरनशी ज्यांचा आधी संबंध आला आहे त्यांना हे उफराटं वाटेल, कारण नेहमीचे स्पायरोपायरन अतिनील किरणांनी रंगतात आणि दिसणाऱ्या उजेडाने विझतात. इथे अंधारात आवडीने राहणारं रूपच रंगीत आहे.

उजेडाने आम्ल करायची कल्पना जुनी आहे. थिओडोर फर्स्टरने १९५० च्या सुमारास दाखवलं, की २-नॅफ्थॉलसारखा रेणू उजेड शोषून उत्तेजित झाला की अचानक तगडं आम्ल होतो. त्याचा पीकेए, म्हणजे आम्लाची ताकद सांगणारा आकडा (जितका कमी तितकं आम्ल तगडं), साडेनऊवरून तीनच्याही खाली येतो. मजकूर अधोरेखित करायच्या पिवळ्या पेनात चमकणारा पायरानिनही याच जातीचा. अडचण वेळेची. ही उत्तेजित अवस्था काही नॅनोसेकंद टिकते. प्रोटॉन बाहेर पडतो, चार पाण्याचे रेणू ओलांडतो न ओलांडतो तोच परत बोलावला जातो. तेवढ्यात सामू हलत नाही. दुसऱ्या टोकाला आहेत एकदाच आम्ल देणारे रेणू. सॅन होजेच्या आयबीएममध्ये हिरोशी इतो, ग्रँट विल्सन आणि ज्याँ फ्रेशे यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यावर चिप छापायची पद्धत बसवली: अतिनील प्रकाश पडला की ओनियम क्षार मोडतो, आम्ल सुटतं आणि पॉलिमरच्या साखळीवरचे गट एकामागून एक कापत जातं. तिथे परतीची वाट नसते, ती कोणाला नकोही असते. नॅनोसेकंद आणि कायमचं, या दोहोंच्या मधे बरीच वर्षं फारसं काही नव्हतं. २०११ मध्ये फ्लोरिडातल्या यी लियाओ यांच्या गटाने मेरोसायनिनचा हा रेणू आणला. दिसणाऱ्या उजेडात सामू २.२ एककांनी उतरला, साधारण ५.५ वरून ३.३ वर, आणि उजेड बंद केल्यावर निम्मे रेणू परत उघडायला मिनिटभराहून थोडा जास्त वेळ लागला.

मिनिटभर म्हणजे माणसाच्या हाताला झेपणारा वेळ.

करून बघणाऱ्याला पहिली गाठ पडते ती विरघळण्याशी. रेणूभार ३८५.५; १०० मिलिलिटर पाण्यात ७.७ मिलिग्रॅम घातलं की ०.२ मिलिमोलर, म्हणजे लिटरमागे ०.२ मिलिमोल, द्रावण होतं. फार महत्त्वाकांक्षा धरू नये, कारण मूळ रेणू याच्या फार पुढे गेलं की तळाशी बसू लागतो, आणि तळाचे कण प्रयोगभर नवा रेणू पुरवत राहून आकडे बिघडवतात. अंधारात तासभर ढवळून बारीक गाळणीतून गाळलेलं बरं. रेणू करायला अवघड नाही: इंडोलियमचं सल्फोनेट आणि सॅलिसिलाल्डिहाइड जवळपास समप्रमाणात घेऊन इथेनॉलमध्ये रात्रभर उकळत ठेवायचं, सकाळी नारिंगी-पिवळा साका बसलेला असतो तो गाळून थंड इथेनॉलने धुवायचा. एक ग्रॅम क्षाराला सॅलिसिलाल्डिहाइड अर्ध्या ग्रॅमच्या आत पुरतं. सल्फोनेटचा क्षार मात्र विकत मिळतो तोच आणावा. तो घरी करायचा तर प्रोपेन सल्टोन हाताळावं लागतं आणि ते कर्करोगकारक आहे. दोन दिवस वाचवायला तिथे हात घालू नये.

मग सामू मोजायचा, आणि इथे बहुतेकांची पहिली आठवण कडू होते. काचेच्या इलेक्ट्रोडला जवळजवळ शुद्ध पाणी मानवत नाही. आकडा तरंगत राहतो. १०० मिलिलिटरला ७५ मिलिग्रॅम पोटॅशियम क्लोराइड टाकलं, म्हणजे १० मिलिमोलर, की तो शहाण्यासारखा वागतो. दुसरी चूक कोणी सांगितल्याशिवाय सापडत नाही: इलेक्ट्रोडच्या पोटात संदर्भासाठी चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडची तार असते, आणि सिल्व्हर क्लोराइड स्वतःच उजेडाला हलतं. निळा दिवा लावल्याबरोबर, एक सेकंदही न जाता, सामूने उडी मारली तर ती रेणूची नसून तारेची असायची शक्यता मोठी. साधं पाणी घेऊन दिवा लावून बघावा; आकडा हलला की इलेक्ट्रोडला बुडाच्या फुग्यापर्यंत काळी पट्टी गुंडाळावी. तिसरी गोष्ट खोलीतल्या ट्यूबलाइटची. तिच्या उजेडात ठेवलेलं द्रावण ‘अंधारातलं’ नसतंच, थोडं आम्ल आधीच सुटलेलं असतं, आणि मग सुरुवातीचा सामू पाचच्या खाली दिसला म्हणून माणूस पाण्याला दोष देत बसतो. सगळं लाल एलईडीच्या उजेडात करावं, भांड्याला ॲल्युमिनियमची पन्नी लावावी आणि पहिलं वाचन निदान अर्धा तास अंधारात ठेवल्यावर घ्यावं. अंधारात हा रेणू साधारण ७.८ पीकेएचं दुबळं आम्ल आहे, ०.२ मिलिमोलरला सामू साडेपाच-पावणेसहाच्या आसपास यायला हवा. सगळे रेणू मिटले तर तो ३.७ ला टेकेल, त्याखाली जाणार नाही, कारण तेवढेच प्रोटॉन भांड्यात आहेत. ३.३ हवं तर लिटरमागे अर्धा मिलिमोल रेणू विरघळवावा लागतो.

दिवा किती मोठा हवा, हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर ऐकून निराश होतात. दहा मिलिलिटरमध्ये दोन मायक्रोमोल रेणू आहेत. ७० सेकंदांचा अर्धआयु धरला तर दर सेकंदाला त्यातले एक टक्का, म्हणजे ०.०२ मायक्रोमोल, आपोआप उघडत असतात. पाचातला एकच फोटॉन कामी आला असं धरलं तरी ते परत मिटवायला सेकंदाला ०.१ मायक्रोमोल फोटॉन शोषले जायला हवेत. ४७० नॅनोमीटरच्या एका वॉटमध्ये सेकंदाला ३.९ मायक्रोमोल फोटॉन येतात. म्हणजे २५ मिलिवॉटमध्ये बरोबरी सुटते; थोडं भक्कम ढकलायचं तर त्याच्या पाच-दहा पट. टॉर्चच्या पलीकडचं काही नाही. मोठा दिवा लावला की द्रावण तापतं, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की कडं उघडण्याचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो. एका हाताने मिटवायचं, दुसऱ्याने उघडायचं असं होऊन बसतं. खरी अडचण दिव्याच्या ताकदीत नसते, उजेड किती खोल पोचतो यात असते. ४२५ च्या उजेडाला ०.२ मिलिमोलर द्रावण जवळजवळ भिंत आहे. नव्वद टक्के उजेड पहिल्या दोनेक मिलिमीटरमध्ये संपतो. ढवळणं बंद असलं तर काचेलगतचा पापुद्रा फिकट आणि आतला गाभा पिवळाधमक राहतो. ४७० चा दिवा रेणूच्या शोषणाच्या उतारावर पडतो, म्हणून खोलवर जातो; सर्वांत जास्त शोषणाऱ्या रंगाचा दिवा घेणं इथे शहाणपणाचं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती. हे आम्ल उसनं आहे. वाटीभर साखर शेजारून आणावी तसे हे प्रोटॉन: संध्याकाळी परत करायचे आहेत, आणि वाटी एकच आहे. उजेड कितीही वेळ लावा, एका रेणूमागे एकच प्रोटॉन मिळतो, दुसरा नाही. त्यामुळे पहिला प्रश्न ‘किती आम्ल सुटलं’ हा नसून ‘ते कोण खाऊन टाकणार आहे’ हा असतो. नळाच्या पाण्यात लिटरमागे एक-दोन मिलिमोल बायकार्बोनेट सहज असतं, ०.२ मिलिमोल प्रोटॉन त्यात पडले तर सामूला पत्ता लागत नाही. १० मिलिमोलर फॉस्फेट बफर, म्हणजे सामू हलू न देणारं द्रावण, सामू ७: हिशेब केला तर सामू ०.०४ ने उतरतो, तोही सगळे प्रोटॉन सुटले तर. नीट न धुतलेल्या भांड्यातला साबण, काचेतून पाझरणारी आम्लारी, सगळे आपापला घास घेतात. चिप छापणाऱ्यांनाही हा चोर माहीत आहे. हवेत अब्जात काही भाग अमाइन, म्हणजे अमोनियाच्या कुळातली आम्लारी, असलं तरी त्यांच्या थराच्या पृष्ठभागावरचं आम्ल मरतं आणि रेघांना माथ्यावर ओठ फुटतात. त्या खोल्यांची हवा कार्बनच्या गाळण्यांतून सोडावी लागते ती म्हणून.

पॉलिमरमध्ये हाच हिशेब जास्त निर्दय होतो. कल्पना मोहक असते: पॉलिॲक्रिलिक आम्लाची जेल घ्यायची, ती सामू वाढला की फुगते आणि उतरला की आक्रसते, तिच्यात मेरोसायनिन घालायचं, निळा उजेड टाकला की जेल स्नायूसारखी आखडेल. आता मोजा. दहा टक्के पॉलिमर असलेल्या जेलमध्ये लिटरमागे जवळजवळ १.४ मोल कार्बोक्सिल गट असतात. रेणू ०.२ मिलिमोल. एका प्रोटॉनवर सात हजार दावेदार. जेल स्वतःच बफर आहे, तेही दांडगं. अशी जेल हललीच तर ती बाहेरच्या मोठ्या द्रावणातून प्रोटॉन मिळाल्याने, किंवा तिच्यात कार्बोक्सिल गट अगदी विरळ पेरल्याने, किंवा ती सामूच्या अगदी उंबरठ्यावर उभी असल्याने, जिथे थोडक्या धक्क्याने खूप फरक पडतो. २०११ च्या कामातही सामूला प्रतिसाद देणाऱ्या पॉलिमरचं आकारमान उजेडाने बदलून दाखवलं होतं. पण नक्कल करणाऱ्याने चित्रं बघण्याआधी बफर मोजावा.

ज्या मांडण्यांमध्ये प्रोटॉन खर्च होत नाही त्या कितीतरी समाधानाच्या असतात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या रसायनज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलेली युक्ती त्यातली. हायड्राझाइड आणि अल्डिहाइड यांच्यापासून बनणारी जेल आम्लाने लवकर जमते, आम्ल फक्त उत्प्रेरक असतं. द्रावणात हा रेणू मिसळून वरून नक्षी कापलेला पडदा ठेवला, उजेड टाकला, की उजेड लागलेल्या जागी जेल जमते आणि सावलीत जमत नाही. प्रोटॉन एका जोडणीला हात लावतो, सुटतो, पुढच्या जोडणीला जातो, आणि दिवा गेला की मुकाट्याने आपल्या ऑक्सिजनवर जाऊन बसतो. उसनी वाटी कामाला लागली आणि साखर मात्र सांडली नाही, असं काहीसं. त्याच वर्षी इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये रफाल क्लाइन यांच्या गटाने सोन्याच्या नॅनोकणांवर हे केलं. कणांना उजेडाचं काही घेणं नाही, त्यांच्या अंगावर फक्त सामू ओळखणारे गट आहेत. उजेड ओळखणारा रेणू भोवतीच्या द्रावणात. दिवा लावला की कण गोळा होतात, काढला की पांगतात. मला यातला दुसरा भाग जास्त आवडतो. पांगण्यासाठी कोणी काही घालत नाही, फक्त दिवा काढून घेतो.

घट्ट प्लॅस्टिकमध्ये घालायचं तर आणखी एक विघ्न येतं, जागेचं. दुमडायला रेणूला भोवताली पोकळी हवी. पीएमएमए, म्हणजे ॲक्रिलिक, यासारखं काचेसारखं पॉलिमर साधारण १०५ अंशांखाली ताठ असतं. त्यात अडकलेल्या काही रेणूंना पोकळी मिळते, काहींना मिळत नाही. मग परतीचा रंग एका चालीने येत नाही: थोडा भाग मिनिटात पिवळा होतो, बाकीचा तासन्‌तास रेंगाळतो, आणि कोणता अर्धआयु लिहायचा हेच कळेनासं होतं. मऊ करणारा पदार्थ घातला की चाल सुधारते. शिवाय कोरड्या थरात प्रोटॉन सुटून जाणार कुठे? त्याला वाहून न्यायला पाणी किंवा निदान ऑक्सिजनवाली साखळी हवी. आणि ओल्या जेलमध्ये नुसता मिसळलेला रेणू दोन दिवसांत बाहेरच्या पाण्यात झिरपतो. पाणी पिवळं दिसू लागलं की समजावं. त्याला साखळीलाच बांधावं लागतं, पण मुक्तमूलकांनी, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या चपळ तुकड्यांनी, पॉलिमर जमवताना हाच दुहेरी बंध आणि हाच फिनॉल मधे येतात, मूलकं गिळतात, आणि जेल कमी जमते, रंगही पुसट येतो. म्हणून आधी साखळी, मग रेणू, हा क्रम बरा पडतो.

सगळ्यांत दुखरी जागा मात्र पाणीच आहे. उघडं, पिवळं रूप पाण्यात कायमचं सुरक्षित नसतं. मधल्या दुहेरी बंधावर पाणी हल्ला करतं आणि रेणू ज्या दोन तुकड्यांपासून बनला त्यांतच परत फुटतो. सामू सातच्या पुढे गेला की हे भराभर होतं. बाटलीचं बूच उघडल्यावर कडू बदामासारखा वास आला, तर तो सुटलेल्या सॅलिसिलाल्डिहाइडचा. सिडनी आणि स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या रसायनज्ञांनी २०२१ पासून कड्यांवरचे गट आणि शेपट्या बदलून विद्राव्यता आणि आम्लता बरीच सुधारली. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठात हवेतला कार्बन डायऑक्साइड उजेडाने पकडायचा-सोडायचा म्हणून याच कुळातले रेणू पाणी आणि डीएमएसओ या द्रावकाच्या मिश्रणात ठेवले, कारण पाणी कमी केलं की फुटणं मंदावतं. यातली चेष्टा अशी, की मिटलेलं, फिकट रूप पाण्याला दाद देत नाही. उन्हात फिकट पडलेल्या बाटलीतले रेणू, त्या फिकटपणापुरते का होईना, खणातल्या पिवळ्या बाटलीपेक्षा जास्त सुरक्षित होते.

ती बाटली ओतली गेली तो डबा निळ्या प्लॅस्टिकचा होता, बुचाचा, आत पूर्ण अंधार. त्यात आदल्या आठवड्याची आम्लारीची धुणावळ होती. म्हणजे आत पडल्यावर रेणूंची कडी उघडली असणार. पण परत उचलायला प्रोटॉन नव्हता, आम्लारीने तो आधीच खाल्ला होता. प्रोटॉन नसलेलं उघडं मेरोसायनिन पिवळं दिसत नाही, गुलाबीसर लाल दिसतं, साबण लागलेल्या हळदीच्या डागासारखं. पाण्याने फोडून टाकेपर्यंत काही काळ डब्यात तो रंग असणार. झाकण उघडून कोणी बघितलं नाही.